लाइट जाणाऱ्या गावात पीसी गेम निवडताना : तुम्ही खेळलेल्या गेमचे गुण आणि दोष सांगाल का?

गोदाकाठ (परभणी)

नमस्कार मंडळी,

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझे झेरॉक्सचे आणि ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे दुकान आहे. दुकानाचा जुना संगणक बदलताना नव्यात मध्यम प्रतीचे ग्राफिक्स कार्ड बसवून घेतले, कारण शटर ओढल्यावर तास-दीड तास गेम खेळण्याची कॉलेजपासून राहून गेलेली हौस आता तरी भागवावी असे मनात होते. परीक्षणे पुष्कळ वाचली आणि व्हिडिओही पाहिले. पण ती करणाऱ्यांकडे लाइट जात नाही, नेट तुटत नाही आणि मे महिन्यात पारा बेचाळीसवर चढत नाही, असे धरूनच ती केलेली दिसतात. कथा, चित्रण आणि संगीत यांना गुण देऊन परीक्षण संपते, आणि ज्या गोष्टींवर माझ्यासारख्याचे खेळणे अडते त्यांचा उल्लेखच नसतो.

म्हणून विचारतो आहे. तुम्ही स्वतः खेळलेल्या गेममध्ये काय चांगले वाटले आणि काय खटकले, ते आपल्या भागातल्या परिस्थितीसकट सांगाल का? माझा यूपीएस संगणक नीट बंद करण्यापुरताच टिकतो. फायबर आहे, पण वादळवाऱ्यात ती गेली की मोबाइलच्या दिवसाला मिळणाऱ्या मोजक्या डेटावर भागवावे लागते. क्रॅक केलेले गेम नकोत, दोन गेम विकतच घ्यायचे आहेत.

सुरुवात मीच करतो. भाच्याच्या संगणकावर ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ हा जुन्या अमेरिकेतल्या दरोडेखोरांच्या टोळीवरचा गेम बराच खेळलो आहे. हा गेम २०१८ मध्ये कन्सोलवर (टीव्हीला जोडायच्या गेमयंत्रावर) आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये पीसीवर आला. बर्फातून घोडा चालला की मागे माग उमटत जातो, तळावरची माणसे दिवसाच्या वेळेप्रमाणे आपापल्या कामाला लागलेली असतात, आणि शिकार केलेले जनावर सोलण्याइतकी क्षुल्लक क्रियाही पूर्ण दाखवली जाते. हेच त्याचे सौंदर्य आहे आणि काही दिवसांनी हाच जाच होतो, कारण विसावे जनावर सोलतानाही तेवढाच वेळ थांबावे लागते. मोकळ्या माळावर हा गेम तुम्हाला वाटेल तसे वागू देतो, पण एकदा मिशन सुरू झाले की ठरवून दिलेल्या वाटेवरून जरा बाजूला गेलात तरी ‘मिशन फसले’ म्हणून मोकळा होतो. दीडशे जीबीच्या आसपास जागा लागते आणि मिशन चालू असताना हाताने सेव्ह करता येत नाही, म्हणजे लाइट गेली की तेवढा भाग पुन्हा खेळा.

देवगिरीकर (छत्रपती संभाजीनगर)

गोदाकाठ, तुमचा ‘रेड डेड’वरचा आक्षेप मान्य आहे. कथाप्रधान गेम हवा असेल तर माझे मत ‘द विचर ३’ला आहे. मे २०१५ मध्ये आलेला हा गेम आजही मध्यम कार्डावर व्यवस्थित चालतो. त्याचे बळ त्याच्या उपकथांत आहे. युद्धाने उजाड झालेल्या वेलेन प्रांतात एका बॅरनची हरवलेली बायको आणि मुलगी शोधण्याचे काम आपल्याकडे येते. तो माणूस बायकोला मारहाण करणारा, दारुडा आहे, पण त्याला सरळ खलनायक म्हणून निकालात काढता येत नाही आणि आपण घेतलेल्या निर्णयाचे परिणाम बऱ्याच पुढे जाऊन समोर येतात. इतके काळजीपूर्वक लिहिलेले प्रसंग गेममध्ये फार कमी आहेत.

दोषही लपवत नाही. तलवारबाजी लवकरच एकसुरी होते, नायक दारातून जाताना हमखास चौकटीला अडखळतो आणि स्केलिग बेटांच्या समुद्रात नकाशाभर पसरलेली प्रश्नचिन्हे म्हणजे शुद्ध वेळकाढूपणा आहे. प्रत्येक ठिकाणी नाव घेऊन जा, उडणाऱ्या राक्षसिणी मारा आणि पाण्यात बुडालेली पेटी उघडा, की आत तीच जुनी तलवार. ती खुशाल सोडून द्यावीत.

तुमच्या कामाच्या तीन गोष्टी सांगतो. लढाई आणि काही संवादप्रसंग वगळता कुठेही हाताने सेव्ह करता येते. डिसेंबर २०२२ च्या अपडेटनंतर चित्रण सुधारले, पण डायरेक्टएक्स (विंडोजमध्ये गेमचे चित्रण हाताळणारी प्रणाली) १२ ची आवृत्ती जुन्या यंत्रांना जड जाते, म्हणून सुरू करतानाच डायरेक्टएक्स ११ चा पर्याय निवडावा. आणि हा गेम गॉग या ऑनलाइन दुकानातून घेतला तर त्याची इन्स्टॉल फाइल उतरवून हार्डडिस्कवर ठेवता येते, पुढे खेळायला नेटची गरजच उरत नाही.

‘सायबरपंक २०७७’ याच कंपनीचा. डिसेंबर २०२० मध्ये तो इतका कच्चा बाहेर आला की सोनीने आपल्या ऑनलाइन दुकानातून तो काही महिन्यांसाठी काढून टाकला होता. सप्टेंबर २०२३ च्या २.० अपडेटने पोलीस आणि कौशल्यांची रचना मुळातून बदलली आणि आता तो खरोखर चांगला गेम आहे. मात्र त्याच अपडेटपासून एसएसडी (हार्डडिस्कपेक्षा वेगवान साठवण) आवश्यक झाली. अर्धवट माल विकून तीन वर्षांनी दुरुस्त करण्याच्या या रिवाजाचे कौतुक करणारे लोक मला समजत नाहीत. ज्यांनी पहिल्याच दिवशी पूर्ण किंमत मोजली त्यांनी काय पाप केले होते?

काळी_माती (लातूर)

माझा विषय जरा वेगळा आहे. मी दिवसा शेती करतो आणि रात्री शेतीचेच गेम खेळतो, यावर घरात पुरेशी चेष्टा होऊन गेली आहे, तेव्हा इथे नवी करू नये.

‘फार्मिंग सिम्युलेटर २२’ हा स्विस कंपनीचा गेम २०२१ च्या नोव्हेंबरात आला. त्यात सोयाबीन आहे, कापूस आहे, ज्वारी आहे आणि ऊसही आहे. उसाची कांडी एकदा लावली की तोडणीनंतर पुन्हा लागवड करावी लागत नाही, खोडवा आपोआप फुटतो. हे पाहून मला पहिल्यांदा वाटले की बनवणाऱ्यांपैकी कोणीतरी उसाच्या फडात नक्की उभे राहिले असावे. महिन्याप्रमाणे पेरणी आणि काढणीच्या वेळा ठरलेल्या आहेत, भाव महिन्याप्रमाणे चढतात-उतरतात आणि प्रत्येक खरेदी केंद्राचा दर वेगळा असतो. सोयाबीन काढून लगेच मोंढ्यावर न नेता कोठारात ठेवले आणि योग्य महिन्याची वाट पाहिली तर पैसे वाढून मिळतात. शेतकऱ्याच्या डोक्यातले हे गणित गेममध्ये इतके बरोबर उतरलेले मी दुसरीकडे पाहिले नाही. कापूस थेट विकण्याऐवजी त्याचे कापड आणि कापडाचे कपडे करून विकण्याची साखळीही आहे.

आता खटकलेले. पहिली गोष्ट म्हणजे या शेतातल्या पिकाला पाणी द्यावेच लागत नाही. विहीर नाही, बोअर नाही, मोटर जळत नाही. पावसाचे काम एवढेच, की तो पडत असताना बहुतेक पिकांची काढणी करता येत नाही. वाफसा ही कल्पनाच नाही. रात्रभर पाऊस झाला तरी सकाळी ट्रॅक्टर रानात घाला, फसत नाही. ज्याने काळ्या रानात चाकाला चिकटलेला चिखल टिकावाने काढला आहे त्याला हे बघून हसावे की रडावे ते कळत नाही. मराठवाड्यात शेती करणाऱ्याच्या दृष्टीने या गेममधून दुष्काळ वगळणे म्हणजे शेतीतला निम्मा भागच वगळणे आहे.

दुसरी गोष्ट मजुरांची. गेममध्ये ट्रॅक्टरवर मदतनीस बसवता येतो आणि त्याची मजुरी खात्यातून कापली जाते. हा गडी उघड्या रानात सरळ तास धरतो, पण बांधाजवळ एखादे झाड किंवा विजेचा खांब आला की त्याला टेकून उभा राहतो आणि ‘अडथळा आहे’ असा निरोप पाठवतो. आपण जाऊन ट्रॅक्टर मागे घेतल्याशिवाय त्याचे पाऊल हलत नाही. मोठ्या अमेरिकी-युरोपी शेतांसाठी केलेली यंत्रे आपल्यासारख्या तीन-चार एकरांच्या तुकड्यात वळवतानाही हाच त्रास होतो.

नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘फार्मिंग सिम्युलेटर २५’ आला. त्यात भातशेती आणली असून खाचरात पाणी सोडावे लागते, आणि गारपीट व वावटळीने पिकाचे नुकसानही होते. गारपीट नको असेल तर सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येते. आमच्याकडे २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये जी गारपीट झाली, तेव्हा अशी कळ कोणाच्या हाती असती तर! असो. नवा गेम संगणकाला अधिक जड आहे, त्यामुळे तुम्हाला मी २२ च सुचवेन. दोन्हींत हवे तेव्हा सेव्ह करता येते आणि ठरावीक मिनिटांनी ऑटोसेव्हही लावता येते.

तुमचे कार्ड आणि डेटा दोन्ही वाचवायचे असतील तर ‘स्टारड्यू व्हॅली’ बघा. एरिक बॅरोन नावाच्या एकाच माणसाने चित्रांपासून संगीतापर्यंत सर्व स्वतः करून २०१६ मध्ये हा गेम बाहेर काढला. जागा अर्धा जीबीच्या आसपास लागते. ऋतू २८ दिवसांचा, ऋतू पालटला की जुने पीक वाळते, बुजगावणे लावले नाही तर कावळे पीक खातात. भाव मात्र कायम तोच. कितीही माल काढा, आवक वाढली म्हणून दर पडला असे कधी होत नाही. मासेमारी सुरुवातीला इतकी अवघड आहे की गळ फेकून द्यावासा वाटतो. पण तुमच्या प्रश्नाचे उत्तर यात आहे. हा गेम फक्त झोपताना सेव्ह होतो, आणि गेममधला एक दिवस सुमारे १४ मिनिटांचा असतो. म्हणजे लाइट केव्हाही गेली तरी पाव तासापेक्षा जास्त काही बुडत नाही.

विष्णुपुरी (नांदेड)

वसतिगृहात आम्ही बहुतेक ‘व्हॅलोरंट’ आणि ‘काउंटर स्ट्राइक २’ हे पाच-पाच जणांच्या संघांचे ऑनलाइन गोळीबाराचे गेम खेळतो, त्यामुळे त्यांच्याबद्दल थोडक्यात लिहितो.

‘व्हॅलोरंट’ फुकट आहे, साध्या संगणकावर चालतो आणि सर्व्हर मुंबईत असल्याने नेट नीट असेल तर नांदेडहूनही गोळी वेळेवर लागते. मात्र त्याचा फसवणूक रोखणारा प्रोग्रॅम संगणक सुरू होतानाच विंडोजच्या गाभ्यात जाऊन बसतो. ज्या संगणकावर तुम्ही लोकांचे आधार आणि बँकेचे तपशील भरता, त्यावर असा प्रोग्रॅम ठेवायचा का, याचा विचार तुम्ही करावा. मी तुमच्या जागी असतो तर ठेवला नसता.

सप्टेंबर २०२३ मध्ये ‘काउंटर स्ट्राइक २’ने जुन्या ‘ग्लोबल ऑफेन्सिव्ह’ची जागा घेतली. धूर आता खरा वाटतो, त्यात ग्रेनेड टाकला की क्षणभर भोक पडून पलीकडचे दिसते, आणि एवढ्या एका बदलाने डावपेच बदलले. परंतु ज्यांच्या जुन्या लॅपटॉपवर आधीचा गेम सुरळीत चालत होता, त्यांच्याकडे नवा अडखळू लागला.

दोन्हींत तुमच्यासाठी मोठी अडचण अशी, की सामना सोडून जाणाऱ्याला शिक्षा होते आणि काही काळ पुन्हा खेळता येत नाही. लाइट गेली होती हे सर्व्हरला कोण सांगणार? शिवाय उरलेल्या चौघांच्या शिव्या वेगळ्या.

एक किस्सा मात्र सांगण्यासारखा आहे. ‘जीटीए ऑनलाइन’ सुरू व्हायला कित्येक मिनिटे लागत आणि सगळे आपापल्या संगणकाला दोष देत. २०२१ मध्ये एका खेळाडूने स्वतः तपास करून दाखवले, की सुमारे ६३ हजार नोंदींची एक फाइल वाचण्याची पद्धतच चुकीची होती. त्याने सुचवलेल्या दुरुस्तीने त्याच्याकडचा वेळ जवळजवळ ७० टक्क्यांनी घटला, कंपनीने ती स्वीकारली आणि त्याला १० हजार डॉलर दिले. २०१५ पासून पीसीवर असलेल्या गेममध्ये हा दोष एवढी वर्षे राहिला.

बालाघाट (बीड)

मला मूळ प्रश्नाच्या रोखाविषयीच थोडी शंका आहे. सेव्ह करण्याची सोय नाही म्हणजे गेम सदोष, असे सरसकट म्हणता येणार नाही. आमच्या पिढीने सायबर कॅफेत ‘प्रोजेक्ट आयजीआय’ खेळला. २००० साली आलेल्या या गेममध्ये मिशनच्या मध्ये सेव्ह करण्याची सोयच नव्हती. टेकडीवरून दुर्बिणीने तळ न्याहाळायचा, संगणकावर वरून घेतलेला नकाशा बघून पहारेकऱ्यांच्या जागा पाठ करायच्या आणि मगच कुंपण कापायचे, ही शिस्त त्या गैरसोयीमुळेच अंगी लागली. गजर वाजला की रिकाम्या वाटणाऱ्या बराकीतून सैनिक निघतच राहायचे, तेव्हा घाम फुटायचा तो खरा होता. हवे तिथे सेव्ह करता आले असते तर तो फुटला नसता.

‘किंगडम कम : डिलिव्हरन्स’ने २०१८ मध्ये हेच जाणीवपूर्वक केले. १४०३ च्या बोहेमियातल्या लोहाराच्या मुलाची ही कथा असून त्यात जादू नाही, राक्षस नाहीत. नायकाला सुरुवातीला तलवार धरता येत नाही आणि वाचताही येत नाही. सेव्ह करायचे तर एक विशिष्ट दारू प्यावी लागते, आणि ती विकत घ्यावी किंवा स्वतः गाळावी लागते. त्याखेरीज स्वतःच्या बिछान्यावर झोपल्यावर आणि कथेच्या ठरावीक टप्प्यांवर सेव्ह होते. त्यामुळे रस्त्यात तीन दरोडेखोर दिसले की माणूस खरोखर विचार करतो, की लढावे की शेतातून पळ काढावा.

गोदाकाठ (परभणी)

बालाघाट, तुमचा मुद्दा पटतो, पण अर्धाच. हरण्याची भीती गेमने घातली तर ती गेमची कमाई आहे. तासभर नीट खेळून, दरोडेखोरांना मारून परत येताना लाइट गेली आणि सगळे पुसले गेले, तर त्यात माझी चूक कोणती आणि मी शिकायचे काय? या गेममध्ये बाहेर पडताना सेव्ह होण्याची सोय नंतर दिली, असे वाचले. पण लाइट काही ‘बाहेर पडा’ हे बटण दाबून जात नाही.

बालाघाट (बीड)

हे मात्र कबूल. मग तुम्ही ‘एल्डन रिंग’ पाहावा. फेब्रुवारी २०२२ चा हा गेम अवघड म्हणून प्रसिद्ध आहे, पण तो स्वतःहून सतत सेव्ह करीत राहतो, त्यामुळे लाइट आल्यावर जवळपास तिथेच उभे असता. गंमत म्हणजे पुन्हा सुरू केल्यावर ‘मागच्या वेळी आपण गेम नीट बंद केला नव्हता’ अशी समजही देतो. त्याचा दोष उलट बाजूचा आहे. तो थांबवता येत नाही. आईने हाक मारली तरी समोरचा राक्षस वाट पाहत नाही. पीसीवर तो सेकंदाला ६० फ्रेमच्या (चित्रांच्या) पुढे जात नाही आणि सुरुवातीच्या काळात मध्येच गचके खात असे.

जुना_मोंढा (जालना)

‘एज ऑफ एम्पायर्स २’ अजून कोणी सुचवला नाही याचे आश्चर्य वाटले. १९९९ चा हा राज्य उभारून लढाया करण्याचा गेम २०१९ मध्ये ‘डेफिनिटिव्ह एडिशन’ म्हणून नव्याने आला आणि एप्रिल २०२२ मध्ये ‘डायनॅस्टीज ऑफ इंडिया’ हा विस्तार निघाला. त्याआधी सगळ्या भारताची एकच संस्कृती होती. या विस्तारात बंगाली, द्रविड आणि गुर्जर वेगळे झाले, उरलेल्याला हिंदुस्तानी नाव मिळाले, आणि राजेंद्र चोळ, देवपाल व बाबर यांच्या मोहिमा आल्या. उरुमी (पट्ट्यासारखी लवचिक तलवार) फिरवणारे सैनिक बघायला मजा येते. खटकले ते असे, की त्याच कालखंडातले देवगिरीचे यादव मात्र कुठेच नाहीत. ज्या किल्ल्याचा खंदक आणि अंधारी वाट आपण शाळेच्या सहलीत पाहिली, त्यावर एक सुंदर मोहीम झाली असती.

घोडेस्वारांची मोठी तुकडी अरुंद वाटेतून पाठवली तर निम्मे भलत्याच दिशेला जातात, ही तक्रार जुनीच आहे. एकट्याने खेळताना मात्र केव्हाही थांबवा, केव्हाही सेव्ह करा. दुकानात मध्येच गिऱ्हाईक आले तरी अडत नाही. हिंदी पाट्या आहेत, मराठी नाहीत.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ (२०२०) आपल्या माणसांचा म्हणून घेतला होता. रंगसंगती, वास्तू आणि सावल्यांच्या बाहुल्यांतून सांगितलेल्या पुराणकथा अप्रतिम आहेत, दुर्गा आणि विष्णू यांच्या संवादातून कथा पुढे नेण्याची कल्पनाही छान आहे. पण लढाई तीच ती होते, आणि गेम रंगात येतो न येतो तोच एकदम संपतो. सवलतीत मिळाला तर घ्यावा.

गोदाकाठ (परभणी)

सर्वांचे मनापासून आभार. ‘स्टारड्यू व्हॅली’ आणि ‘द विचर ३’ असे तूर्त ठरवतो आहे. दोन शंका उरल्या. उन्हाळ्यात संगणक तापून गेम अडखळतो त्यावर काय करता? आणि घेतलेला गेम माझ्या यंत्रावर चाललाच नाही तर पैसे परत मिळतात का?

देवगिरीकर (छत्रपती संभाजीनगर)

उष्णतेबद्दल : कॅबिनेटची जाळी महिन्यातून एकदा ब्लोअरने साफ करा, आपल्याकडच्या धुळीने ती फार लवकर बुजते. एप्रिल-मेमध्ये ‘विचर’च्या सेटिंगमध्ये फ्रेमची मर्यादा ३० ठेवा, सावल्या आणि केसांचे विशेष चित्रण बंद करा. कार्डावरचा भार बराच उतरतो आणि दिसण्यात फारसा फरक पडत नाही. कूलर संगणकाच्या तोंडावर मात्र लावू नका, ओली हवा आत जाते.

पैशांबद्दल : स्टीम या ऑनलाइन दुकानात खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मिळतात. दोन तास मोजले जातात ते गेम चालू असतानाचे, उतरवण्याचे नव्हेत. पण १४ दिवस खरेदीच्या क्षणापासून सुरू होतात. म्हणून तुमची फायबर बंद असताना केवळ सेल लागला म्हणून गेम घेऊन ठेवू नका. उतरवण्यातच आठवडा गेला तर तपासून पाहायला थोडेच दिवस उरतात. स्टीमच्या सेटिंगमध्ये अपडेट रात्रीच्या ठरावीक वेळेतच उतरतील अशी सोय आहे, ती आधी लावून घ्या, नाहीतर हॉटस्पॉट जोडल्याबरोबर दिवसाचा सगळा डेटा एका अपडेटमध्ये संपेल. आणि भाच्याकडे तोच गेम स्टीमवर असेल तर दोन्ही संगणक एकाच वायफायवर जोडून त्याच्या फाइल तुमच्याकडे थेट घेता येतात. २०२३ पासून ही सोय स्टीममध्येच आहे.